चौथी खुर्ची

"नावांचा कागद अजून दिला नाहीस ना? मग आधी माझं ऐक," असं म्हणत ट्रेव्हरने धाकट्या बहिणीला, बेव्हला, पॅकहॉर्स पबच्या मागच्या खोलीत जवळजवळ ढकललंच. तिथे बिअरच्या रिकाम्या पिंपांपाशी मार्जरीआत्या आधीच उभी होती, ओठ घट्ट मिटून. म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. आपल्याला घेरलंय, हे बेव्हच्या लक्षात आलं आणि तिचं डोकं तापलं.

"चौथ्या खुर्चीवर हॉलीला बसव," ट्रेव्हर म्हणाला. हॉली ही त्याची मुलगी, पबच्या प्रश्नमंजूषा-संघातली राखीव. "बाबांना शेकोटीजवळ बसू दे. पाई खातील, गप्पा मारतील. काय बिघडलं?"

"चौथी खुर्ची बाबांची आहे."

"होती. बेव्ह, गेल्या रविवारी त्यांनी आईचं ताट मांडलं. आई जाऊन तीन वर्षं झाली! वर मला विचारतात, एडना अजून दुकानातून आली कशी नाही? मी काय बोलणार होतो?"

"माझ्यासमोरच विचारलं त्यांनी. मला सांगू नकोस."

"मग आज इथे, सगळ्या गावासमोर असं काही बोलले तर? आणि तेही लिबरल क्लबसमोर? कीथसमोर?"

कीथचं नाव निघालं तशी आत्याने ग्लास पिंपावर ठेवला. कीथ हा या दोघांचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी बाबांनी संघाची कप्तानी त्याला न देता बेव्हला दिली, तेव्हा तो तडक रस्ता ओलांडून समोरच्या लिबरल क्लबच्या संघात गेला, आणि आता तिथला कप्तान होता. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी फक्त नाताळात बोलायचे, तेही बेव्हच्या घरी, आणि तेही हवेबद्दल.

"विल्फ माझा सख्खा भाऊ आहे," आत्या म्हणाली. "त्याची अब्रू जाताना मला बघवणार नाही. तो आपणहून उठायचा नाही. तुलाच उठवावं लागणार."

बेव्हने पेन काढलं आणि भिंतीला कागद टेकवून चार नावं लिहिली. मार्जरी. ट्रेव्हर. बेव्हरली. चौथं नाव लिहिताना हात किंचित थांबला, हे तिने नंतर स्वतःपाशी कबूल केलं. पण लिहिलं विल्फ्रेड गारसाइड हेच, आणि कागद घेऊन ती बाहेर आली. मागून ट्रेव्हर म्हणाला, "शेवटच्या फेरीआधी बदल करता येतो, लक्षात ठेव." आणि आत्या म्हणाली, "बापावर गेलीय मेली, अगदी बापावर."

बाहेर पॅकहॉर्स खच्चून भरलं होतं. हंगामाचा शेवटचा सामना, दोन्ही संघांचे गुण सारखे, आज जिंकेल त्याचा चषक. मालकीण ग्लेंडाने जुगाराच्या यंत्राचा प्लग काढून ठेवला होता, कारण नाण्यांचा खडखडाट झाला की बाबा तिच्याकडे असं बघत की तिला स्वतःच्याच दारूच्या गुत्त्यात अपराधी वाटायचं. बाबा केव्हाच जाऊन बसले होते. टाय लावलेला, बूट चकाचक, समोर अर्धा पाइंट बिअर. हॅदरशॉच्या गिरणीत जन्मभर माग दुरुस्त करताना या माणसाने कधी टाय लावला नाही. प्रश्नमंजूषेला मात्र न लावता एकदाही आला नाही.

"उशीर केलास," ते बेव्हला म्हणाले.

"तुमच्या बहिणीशी बोलत होते."

"मग लवकरच सुटलीस म्हणायची."

बेव्हला हसू आलं. आज बरे आहेत, तिला वाटलं. पण हे असंच असायचं. बरे आहेत म्हणावं आणि चहा संपायच्या आत ते विचारत, आज वार कोणता.

समोरच्या टेबलावर कीथ येऊन बसला. केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. त्याने बाबांकडे बघून मान हलवली, बाबांनीही हलवली, झालं. कीथच्या बाजूला गॅरेथ नावाचा एक तरुण मास्तर होता, सगळं येत असल्यासारखं तोंड करून बसलेला.

प्रश्न विचारायला बसलेल्या डेरेक क्रॅबट्रीने पाकीट फोडलं. आजचे प्रश्न क्रिकेट क्लबवाल्यांनी काढले होते. लीगमध्ये तसाच नियम, खेळणाऱ्या दोघांपैकी कोणी प्रश्न काढायचे नाहीत. क्रॅबट्री त्या क्लबचाच, माणूस सरळ, पण कागदावर छापलेलं म्हणजे वेदवाक्य मानणारा. त्याने दरवर्षीप्रमाणे नियम वाचून दाखवले, आणि दरवर्षीप्रमाणे कोणी ऐकले नाहीत. प्रश्न एकट्याला. स्वतः सांगितलं तर दोन गुण, आपल्या तिघांना विचारून सांगितलं तर एक. चुकलं की प्रश्न समोर, त्यांना एक. फोन खिशात. उत्तरावर हरकत घ्यायची तर कप्तानाने हात वर करायचा, पुढचा प्रश्न वाचायच्या आत. हरकत फसली तर दोन गुण कापले जाणार.

सामना चुरशीचा झाला. आत्याने एका जुन्या राणीच्या नवऱ्याचं नाव असं फेकलं, जणू त्याला कालच बाजारात पाहिलंय. ट्रेव्हरचा फुटबॉलचा एक प्रश्न हुकला आणि तो पुढची दोन उत्तरं होईपर्यंत स्वतःवरच चरफडत होता. मध्यंतरात ग्लेंडाने मांसाच्या पाई आणल्या, बाजूला वाटाण्याचा हिरवा गोळा आणि व्हिनेगरमधला लाल कोबी. बाबांनी पाई खाल्ली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "एडनाच्या हाताची सर नाही." बस, एवढंच. 'एडना कुठे' असं विचारलं नाही. ट्रेव्हरने सुटकेचा श्वास टाकला, तो बेव्हला ऐकू आला.

बाबांची उत्तरं मात्र चालली होती. सावकाश, पण बरोबर. प्रत्येक उत्तराला ते आधी चष्मा काढत, घडी करून टेबलावर ठेवत, मग बोलत. एकदा अडखळले, एका नदीच्या नावावर, आणि तेव्हा रागावून क्रॅबट्रीलाच म्हणाले, "प्रश्न नीट वाच, तोंडात बटाटा धरून बोलू नकोस." नाव सापडलंच नाही. गुण गेला. कीथने मान खाली घातली. बेव्हला त्याचं ते खाली बघणं फार लागलं. ते हसण्यापेक्षाही वाईट होतं.

शेवटून दुसरी फेरी संपत आली तेव्हा गुण बरोबरीत होते. बाबांचा प्रश्न उरला होता.

"कझाकस्तानची राजधानी कोणती?" क्रॅबट्रीने वाचलं.

बाबांनी चष्मा काढला. घडी केली. "अस्ताना."

क्रॅबट्रीने कागदाकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. "नाही, विल्फ. सॉरी. समोर."

गॅरेथ कप्तानाची वाटही न बघता म्हणाला, "नूर-सुलतान. अस्ताना जुनं नाव. बदललंय ते."

"बरोबर. लिबरल क्लबला एक."

पलीकडून टाळ्या झाल्या. मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "म्हातारा जुन्या नकाशातच राहिलाय," आणि दुसरं कोणीतरी हसलं.

"बेव्ह," ट्रेव्हर तिच्या कानाशी लागला. "एकच गुण मागे आहोत. एक फेरी आहे अजून. हात वर कर आणि बदल माग. हॉली तयार आहे."

हॉली मागे भिंतीशी उभी होती. तिने घाईने मान हलवली. "मला नका घालू यात, पप्पा. आजोबांना विचारा आधी."

"आजोबांना काय विचारायचं? बघितलंस ना आता?"

"ते परत बदललंय," बाबा म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. ते तितकं हळू बोलले होते.

"काय म्हणालात?" बेव्ह त्यांच्याकडे वाकली.

"नाव. आधी अस्ताना, मग त्या पुढाऱ्याचं दिलं, आता परत अस्ताना. गेल्या सप्टेंबरात. पेपरात आतल्या पानावर होतं, एवढंसं." त्यांनी बोटांनी माप दाखवलं. "ह्यांनी जुन्या पुस्तकातून प्रश्न काढलाय."

"बाबा, जाऊ द्या हो," ट्रेव्हर कळवळून म्हणाला. "होतं असं."

"विल्फ, पुरे," आत्या म्हणाली.

बेव्ह बापाकडे बघत राहिली. तिला स्वतःला काही माहीत नव्हतं. नूर-सुलतान हे तिनेही ऐकलं होतं, तीन-चार वर्षांपूर्वी याच टेबलावर कोणीतरी तेच उत्तर देऊन दोन गुण घेतले होते. पण एक गोष्ट तिला माहीत होती, आणि ती तिच्याइतकी या खोलीत कोणाला माहीत नव्हती, कारण रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती त्यांच्याकडे जायची. बाबांचं डोकं भरकटलं की ते चिडत. आवाज चढवत, समोरच्याला बोल लावत, नदीच्या वेळी झालं तसं. आईच्या ताटावरूनही त्या दिवशी केवढा तमाशा केला होता. आणि जेव्हा त्यांना खरंच माहीत असे, तेव्हा ते वाद घालायचेच नाहीत. सांगून गप्प बसत. आता ते गप्प बसले होते. चष्म्याची घडी समोर, हात मांडीवर. तिला पटवायचासुद्धा प्रयत्न त्यांनी केला नाही.

पण चुकले असतील तर? तर दोन गुण कापले जाणार, सामना गेला, चषक गेला, आणि विल्फ गारसाइड चुकला हे क्रॅबट्री दुसऱ्यांदा मोठ्याने सांगणार. हे बेव्हमुळे होणार.

क्रॅबट्रीने पान उलटलं. "शेवटची फेरी. पहिला प्रश्न..."

बेव्हने हात वर केला.

"बदल?" क्रॅबट्रीने विचारलं.

"हरकत," बेव्ह म्हणाली.

"अगं ए!" ट्रेव्हरच्या तोंडून निघालं. आत्याने डोळेच मिटून घेतले. बारपाशी ग्लेंडाने धुतलेला ग्लास पुसायचं थांबवलं.

"कशावर हरकत?"

"मागच्या उत्तरावर. राजधानी अस्तानाच आहे. नाव परत बदललंय, गेल्या सप्टेंबरात."

"कागदावर तर..."

"कागद जुना आहे, डेरेक."

क्रॅबट्री अवघडला. कागद जुना असू शकतो हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. पण नियम त्याला पाठ होता. "मग समोरच्या कप्तानाला विचारतो. त्याने मान्य केलं तर उत्तर बदलेल. नाही केलं तर कागद खरा." तो वळला. "कीथ?"

सगळं पॅकहॉर्स वळलं. विचारायचं ते नेमकं कीथला! सहा वर्षं ज्याच्या पोटात ही कप्तानी खुपतेय, त्याला? त्याने नुसतं "मला माहीत नाही" म्हटलं तरी पुरे. कोणी त्याला खोटारडा म्हणणार नाही. आणि कदाचित त्याला खरंच माहीत नसेल.

गॅरेथने कीथची बाही ओढली. "कागद आपल्या बाजूने आहे," तो कुजबुजला, पण मास्तरांचं कुजबुजणं सगळ्या वर्गाला ऐकू जातं. "तू बोलूच नकोस."

कीथने बाही सोडवून घेतली. तो बेव्हकडे बघत नव्हता, क्रॅबट्रीकडेही नाही. तो बाबांकडे बघत होता, आणि बाबा त्याच्याकडे. दोघांची हनुवटी एकसारखी पुढे आलेली, हट्टी, गारसाइडांची. लहानपणी जेवायला बसलं की आई म्हणायची, एका घरात असली एक हनुवटी पुरे होती.

"अस्ताना," कीथ म्हणाला. "परत तेच केलंय. बाबा बरोबर आहेत."

क्षणभर कोणाला कळलंच नाही टाळ्या वाजवायच्या की नाही. मग हॉलीने वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी. गॅरेथने कपाळावर हात मारला. क्रॅबट्रीने मान हलवत पेन्सिलीने खोडलं, लिहिलं: लिबरल क्लबचा एक गेला, पॅकहॉर्सला दोन. बेव्हला रडू येईल असं वाटलं. ते बाबांसाठी होतं, आणि आश्चर्य म्हणजे तितकंच त्या समोरच्या टेबलावरच्या आडमुठ्या भावासाठीही. बाबा बरोबर आहेत! हे त्याने सगळ्या गावासमोर म्हटलं होतं, स्वतःचे गुण घालवून.

बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा घातला, ग्लास उचलला आणि धाकट्या मुलाच्या दिशेने इंचभर वर धरला. कीथनेही धरला. आत्याने पदर असता तर डोळ्यांना लावला असता, तो नव्हता म्हणून ट्रेव्हरचा रुमाल ओढून घेतला.

"शेवटची फेरी," क्रॅबट्री म्हणाला. "पॅकहॉर्स, काही बदल?"

बेव्हने ट्रेव्हरकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता. मग म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस? कप्तान तू आहेस."

"बदल नाही," बेव्ह म्हणाली.

शेवटची फेरी अशी झाली की ग्लेंडाने बार सोडून पुढे येऊन पाहिली. आत्या हुकली, ट्रेव्हरने मिळवले, बेव्हनेही मिळवले. लिबरल क्लबवाल्यांनी मात्र एकही सोडला नाही, आत्याचा हुकलेलाही नाही, जरी स्वतःचे पहिले तिन्ही त्यांनी एकमेकांना विचारून दिले, आणि त्यांच्या शेवटच्या खुर्चीवरून कीथने उत्तर दिलं तेव्हा गुण पुन्हा बरोबरीत आले. सामन्याचा शेवटचा प्रश्न बाबांचा होता.

"साध्या तपमानाला द्रव असणारा धातू कोणता?"

सगळीकडून सुस्कारे निघाले. सोपा! शाळेतला! ट्रेव्हरने टेबलाखाली मूठ आवळली. हॉली तर टाळीसाठी हात उचलून उभी होती.

बाबांनी चष्मा काढला. घडी केली. टेबलावर ठेवला.

आणि बोलले नाहीत.

बेव्हने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिथे काहीच नव्हतं. शब्द होता, या घरातल्या प्रत्येक पोराला थर्मामीटर फोडल्यावर त्यांनीच सांगितलेला, आणि तो निघून गेला होता. आता चिडतील, तिला वाटलं. आता क्रॅबट्रीवर ओरडतील, आणि मग चुकीचंच काहीतरी ठोकून देतील, आणि प्रश्न समोर जाईल. बाबांनी या टेबलावर उभ्या हयातीत कोणालाही विचारून उत्तर दिलेलं नव्हतं. एक गुण म्हणजे भीक, असं ते म्हणायचे. चुकेन पण माझं चुकेन.

बाबांच्या मानेची शीर ताठ झाली. तोंड उघडलं, मिटलं. त्यांनी एकदा चष्म्याकडे पाहिलं, जणू तो त्यांचा नव्हताच. मग खुर्ची करकरली आणि ते सावकाश वळले.

"मला येत होतं हे," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, न लाजता. "आत्ता येत नाहीये. कप्तान, तू सांग."

कोणी हसलं नाही. साऱ्या गावाने तिला कप्तान म्हणून हाक मारली होती या सहा वर्षांत. बाबांनी आजच मारली.

"पारा," ती म्हणाली.

"पारा," बाबांनी क्रॅबट्रीला सांगितलं, ठणठणीत आवाजात.

"बरोबर. विचारून दिलं, म्हणून एक गुण. पॅकहॉर्स एका गुणाने विजयी."

मग जो आरडाओरडा झाला त्यात ट्रेव्हरने बहिणीला उचललं, आत्याचा ग्लास सांडला आणि ग्लेंडाने चषक टेबलावर आणून आदळला. सगळ्यात आधी उठून टाळ्या वाजवल्या होत्या त्या कीथने, हे बेव्हने पाहिलं होतं. आता तो टेबलाला वळसा घालून आला आणि बाबांसमोर उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

"बस ना," बाबा त्याला म्हणाले. "उभा काय राहिलास पाहुण्यासारखा?"

तो बसला. बाबांनी एक हात त्याच्या खांद्यावर टाकला, दुसऱ्या हाताने बेव्हला जवळ ओढलं आणि तिच्या कानात, त्यांच्या मते अगदी हळू, विचारलं, "फार सोपं होतं का गं ते?"

"फार सोपं होतं, बाबा."

"हो ना?" ते म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच खदखदून हसले. "म्हणूनच तुला दिलं. अवघड असतं तर मीच सांगितलं असतं."